कुत्रा-मांजर घेऊन गाडीने कोकणात जायचंय? पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी सगळी तयारी

गणपती किंवा मे महिना जवळ आला की प्राणी असलेल्या घरात एकच विषय सुरू होतो, ह्यांचं काय करायचं. बोर्डिंगवाल्यांचे भाव वाढलेले असतात, चांगली ठिकाणं आधीच फुल्ल, शेजारी स्वतःच गावाला निघालेले, मग कोणीतरी म्हणतं की गाडीतूनच घेऊन जाऊया. जाऊया की, नक्की जाऊया, फक्त तयारी आदल्या रात्री नाही तर निदान तीन-चार आठवडे आधी सुरू करायची.

मी पुण्याहून सावंतवाडीकडचा रस्ता डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, म्हणजे हायवेने कोल्हापूर-निपाणी करत संकेश्वर, तिथून गडहिंग्लज, आजरा आणि मग आंबोली घाट उतरून खाली. आमच्याकडे गुंड्या नावाचा गावठी कुत्रा आणि मनी नावाची मांजर, दोघंही गावाला येतात. मुंबईहून 66 नंबरच्या हायवेने जाणाऱ्यांना रस्ता वेगळा पण तयारी हीच.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या, कुत्र्याचा प्रवास वेगळा आणि मांजराचा वेगळा. कुत्र्याला आपली माणसं बरोबर असली की जागा बदलली तरी तो सावरतो, त्याला वाटेत थांबे हवेत, उतरून पाय मोकळे करायला हवेत. मांजराला माणसांपेक्षा जागेचा आधार जास्त असतो, त्यामुळे तिला थांबे नकोत, आडोसा हवा. धाब्यावर थांबलो की "बिचारीला जरा मोकळं सोडूया" म्हणून कॅरियर (मांजराचा प्रवासाचा डबा) उघडतात आणि मांजर ट्रकखाली पळते, हे इतक्या लोकांच्या बाबतीत झालंय की मी हे सगळ्यांना आधी सांगते.

तीन-चार आठवडे आधी: व्हेटकडे जाऊन या

रेबीजचं इंजेक्शन चालू आहे ना बघा, कार्डावर तारीख आणि व्हेटचा शिक्का आहे ना तेही बघा. कुत्र्याचं लेप्टोचं इंजेक्शन झालंय का हे मुद्दाम विचारा, कारण पावसाळ्यात कोकणात लेप्टोस्पायरोसिस असतो, उंदराच्या लघवीने खराब झालेल्या पाण्यातून तो पसरतो आणि माणसांनाही होतो, आणि आपलं कुत्रं तर दिसेल त्या डबक्यात तोंड घालणार. हे इंजेक्शन पहिल्यांदाच देत असाल तर काही आठवड्यांनी दुसरा डोस लागतो, म्हणून एवढं आधी जायचं.

गोचिडांचा बंदोबस्तही ह्याच भेटीत. मानेवर सोडायचं औषध असो किंवा गोळी, व्हेट वजन बघून देतील. इथे मांजरवाल्यांनी नीट लक्ष द्या. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विषारी आहे, थरथर सुटते, झटके येतात, जीवही जातो. कुत्र्याचं उरलेलं औषध मांजराला "थोडंसंच" लावायचं हा प्रकार अजिबात नको, आणि घरात दोघं असतील तर कुत्र्याला लावल्यावर औषध पूर्ण वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. खरं तर घरात मांजर आहे हे व्हेटना आधीच सांगा म्हणजे ते दुसरंच काहीतरी देतील.

उलटीचा त्रास असेल तर तेही बोला. कुत्र्यांसाठी मॅरोपिटंट नावाचं चांगलं औषध आहे, फार घाबरणाऱ्या मांजरांना व्हेट बऱ्याचदा गॅबापेंटिन देतात. जे देतील ते प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा देऊ नका, आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी घरी देऊन बघा, किती वेळाने लागू पडतं, किती पेंग येते, तोल जातो का हे कळतं. मनाने माणसांची झोपेची गोळी किंवा पॅरासिटामॉल द्यायचं नाही, मांजराला तर पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते. पग, शिह त्झू, पर्शियन अशा चपट्या नाकाच्या प्राण्यांना श्वासाचा त्रास आधीच असतो, त्यांना गुंगीचं औषध आणि उन्हाळ्यातला लांबचा प्रवास दोन्ही व्हेटशी नीट बोलूनच. मी तर म्हणेन पग असेल तर मे महिन्यात दुपारचा प्रवास ठेवूच नका.

कार्ड, महापालिकेचं कुत्र्याचं लायसन, औषधांची चिठ्ठी, सगळ्याचे फोटो मोबाईलमध्ये आणि एक झेरॉक्स गाडीत. पुढे गोव्यात जाणार असाल तर रेबीजचं सर्टिफिकेट वरच ठेवा.

मांजराला कॅरियरची सवय

ह्यावर सगळ्यात जास्त वेळ जातो आणि तो द्यायलाच लागतो. कॅरियर कडक प्लास्टिकचा घ्या, वरूनही उघडणारा आणि वरचा अर्धा भाग सुटा होणारा असेल तर उत्तम, कारण व्हेटकडे गेल्यावर मांजराला ओढून बाहेर काढावं लागत नाही, वरचं झाकण काढलं की ती तिथेच बसलेली असताना तपासता येतं. ते पारदर्शक बुडबुड्याच्या बॅकपॅकचं फॅड आहे ना, ते लांबच्या प्रवासाला मला अजिबात पटत नाही, हवा कमी खेळते, आत गरम होतं आणि मांजराला लपायला जागाच नसते.

कॅरियर आणला की त्याचं दार काढून ठेवा आणि हॉलमध्ये मांजर जिथे झोपते तिथेच तो ठेवून द्या, आत तुमचा वापरलेला, न धुतलेला टीशर्ट किंवा जुन्या गोधडीचा तुकडा. काही बोलायचं नाही, उचलून आत ठेवायचं नाही. मनीचं बघून सांगते, आधी लांबून वास, मग दारात खाऊ ठेवला तर मान लांब करून मागचे पाय बाहेरच ठेवून खायचं आणि मागे पळायचं, मग हळूहळू वाटी आत सरकवत नेली तसे मागचे पायही आत आले, आणि एक दिवस दुपारची ती आत वेटोळं करून झोपलेली दिसली. तिथून पुढे सोपं असतं. दार बसवा, ती आत असताना मिनिटभर लावा आणि उघडा, खाऊ द्या. मग दार लावून उचला, खोलीत एक चक्कर मारून खाली ठेवा. उचलताना वरच्या कडीला धरून हलवत नेऊ नका, खालून दोन्ही हातांनी धरा, लोंबकळत्या डब्यात कोणालाही भीती वाटेल. मग बंद गाडीत नुसतं बसायचं, मग इंजिन सुरू करून, मग सोसायटीला एक फेरी, मग जरा लांब. प्रत्येक टप्प्याला दोन-तीन दिवस द्या, घाबरली तर एक पाऊल मागे या.

मांजरासाठी छाती-पोटाभोवती बसणारा एक बॉडी हार्नेसही लागतो, नुसता पट्टा नाही, पट्ट्यातून मांजर सहज निसटतं. प्रवासात कॅरियरमध्ये असली तरी हार्नेस अंगावर असू दे, पण त्याचीही घरी आधी सवय करा, पहिल्यांदा घातला की मांजरं आडवी पडून राहतात, ते जातं नंतर.

कुत्र्याची गाडीशी दोस्ती

कुत्रा गाडीत बसला की दरवेळी डॉक्टरकडेच जात असेल तर तो गाडीला घाबरणारच. म्हणून छोट्या फेऱ्या मारा ज्यांचा शेवट चांगला होतो, टेकडीवर, मैदानात, मित्राच्या घरी. ओठ चाटणं, लाळ गळणं, सारखी जांभई, एकदम गप्प होणं ही मळमळीची लक्षणं, उलटी त्यानंतर येते, तेवढ्यात गाडी बाजूला घेता येते. पिल्लांना हा त्रास जास्त, बऱ्याच जणांचा मोठं झाल्यावर कमी होतो.

बसायची जागा मागची सीट. छातीचा रुंद हार्नेस आणि त्याला सीटबेल्टच्या खाचेत बसणारा छोटा पट्टा, कॉलरला कधीही अडकवू नका, जोरात ब्रेक लागला तर मानेला इजा होते. पुढच्या सीटवर नको कारण एअरबॅग उघडली तर कुत्र्याला मार बसतो, ड्रायव्हरच्या मांडीवर तर मुळीच नको. आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून वारा खाणारा कुत्रा फोटोत छान दिसतो पण हायवेला डोळ्यात खडी, धूळ, किडे जातात, शेजारून एसटी जाते, त्यापेक्षा काच दोन बोटं खाली ठेवा. काचांचं लॉक चालू ठेवा, पंजा बटणावर पडला की काच खालीवर होते आणि त्यात मान अडकू शकते.

आदल्या दिवशी गाडी भरताना

मांजराचा कॅरियर पुढच्या सीटच्या मागे खाली पायाच्या जागेत ठेवा आणि सीट मागे सरकवून तो घट्ट बसेल असं बघा, ही जागा कमी हलते आणि अंधारीही असते. कॅरियरच्या तळाला पी-पॅड (सू शोषून घेणारा पॅड), त्यावर गोधडी, आणि वरून पातळ सुती ओढणी, जाड टॉवेल नको, हवा खेळली पाहिजे. गाडीतला सुगंधी फ्रेशनर काढून टाका, आपल्यालाच घाटात त्याने मळमळतं, त्यांचं नाक तर कितीतरी तीक्ष्ण.

बॅगेत काय काय: घरचं पिण्याचं पाणी भरपूर, पसरट वाटी, नेहमीचंच खाणं (गावात तोच ब्रँड मिळेल ह्या भरवशावर राहू नका), लीश (धरून फिरवायचा दोर) दोन, पी-पॅड, जुने टॉवेल, ओले वाइप्स, कचऱ्याच्या पिशव्या, लिटर (मांजराच्या शी-सूसाठीची वाळू) आणि छोटा ट्रे, नेहमीची औषधं, टॉर्च. कॉलरवर तुमचा मोबाईल नंबर असलेला टॅग आजच लावा आणि दोघांचे अंगावरच्या खुणा दिसतील असे ताजे फोटो काढून ठेवा. वाटेतल्या मोठ्या गावांतल्या व्हेटचे नंबर शोधून ठेवा, साताऱ्यात, कोल्हापुरात खाजगी क्लिनिक आहेत, पुढे तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो आणि 1962 हा जनावरांच्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर सेव्ह करा.

खाणं: दोघांनाही आदल्या संध्याकाळी नेहमीचं जेवण आणि मग निघायच्या आधीचे चार-पाच तास काही नाही, पाणी मात्र थोडं थोडं चालू. अगदी लहान पिल्लू असेल तर उपाशी ठेवू नका, त्यांची साखर पटकन उतरते, थोडंसं खायला द्या आणि व्हेटला विचारून घ्या.

रस्त्यावर

पहाटे चारला निघा. ऊन चढायच्या आत कोल्हापूर गाठलं की अर्धी लढाई जिंकली. निघायच्या आधी कुत्र्याला चांगलं फिरवून आणा, मांजराला पहाटे लिटर वापरायला वेळ द्या आणि घरातल्या बाकीच्या खोल्यांची दारं आदल्या रात्रीच लावून ठेवा, नाहीतर बॅगा बघून ती पलंगाखाली गेली की तासभर तिथेच गेला.

कुत्र्यासाठी दोन-अडीच तासांनी थांबा. दार उघडायच्या आधी लीश लागलेला पाहिजे आणि त्याचं दुसरं टोक कोणाच्यातरी हातात पाहिजे, हा नियम घरातल्या लहान मुलांनाही पाठ करायला लावा. मोठ्या धाब्याच्या समोर उतरवू नका, तिथली कुत्र्यांची टोळी आपली हद्द राखून असते आणि भांडण होतंच, त्यापेक्षा जरा पुढे सर्व्हिस रोडला शांत जागा बघा. उन्हात डांबरावर आधी आपल्या हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, आपल्याला सहन होत नसेल तर त्याच्या पंजालाही होणार नाही. पाणी दोन-चार घोट, घटाघट वाटीभर नको.

आता हे सगळ्यात महत्त्वाचं. बंद उभ्या गाडीत प्राण्याला ठेवून जेवायला जायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. बाहेर 30 डिग्री असेल तर दहा मिनिटांत आत 40 च्या आसपास जातं आणि अर्ध्या तासात पन्नाशीकडे. काच थोडी खाली ठेवल्याने जवळजवळ काही फरक पडत नाही, सावलीही सरकते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो, आणि आतली हवाच तापली तर धापांचा उपयोग संपतो. त्यामुळे जेवायला पाळी लावा, एक जण एसी चालू ठेवून गाडीत, बाकीचे आत. दोघंच असाल तर डबा घरून न्या, दशम्या-चटणी सावलीत उभं राहून खाल्ली तर काही बिघडत नाही.

कुत्रा फार जोरात धापा टाकतोय, हिरड्या लालभडक, लाळ घट्ट, पाय लटपटतात, ओकतोय, असं दिसलं तर ऊन लागलंय. अंगावर साधं गार पाणी ओता, पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर, वारा घाला, एसी समोर धरा. बर्फ नको, आणि ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, तो लगेच गरम होतो आणि उष्णता आतच राहते. पाणी ओतत ओतत जवळच्या व्हेटकडे. कुत्र्याचं नॉर्मल तापमान 101 ते 102.5 फॅरेनहाइट असतं, 104 च्या वर गेलं की धोका, आणि नंतर तरतरीत दिसला तरी दाखवाच कारण किडनीचा त्रास दुसऱ्या दिवशीही उमटतो.

मांजर पहिला तासभर ओरडेल. अगदी काळीज पिळवटेल असं ओरडेल. ओढणी नीट करा, हळू आवाजात बोला, गाणी बंद करा, पण कॅरियर उघडू नका, सुटलेलं मांजर थेट ब्रेकच्या पायडलखाली जाऊन बसतं. बहुतेक जणी तासाभराने गप्प होतात. आठ-दहा तास सू न करणं निरोगी मांजराला चालतं, मधे एकदा लिटर दाखवायचंच असेल तर गाडी उभी करून सगळी दारं लॉक, काचा वर, हार्नेसचा लीश हातात, मगच. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर मात्र ते साधं नाही, लगेच थांबा, गार हवा द्या, आणि थांबलं नाही तर व्हेट गाठा.

आजऱ्याच्या पुढे कोणालाही काही खायला देऊ नका. घाटात वेग कमी आणि वळणं अलगद, ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा की ओव्हरटेकची घाई नको. आंबोलीला धबधब्याजवळ पावसाळ्यात गर्दी आणि माकडं दोन्ही असतात, माकडं गाडीच्या टपावर येतात आणि कुत्रा वेडापिसा होतो, तिथे काचा पूर्ण बंद आणि न थांबता पुढे. गणपतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत मुंबईहून येणाऱ्यांना माणगावकडे तासन् तास ट्रॅफिक लागतं, त्यांनी पाणी आणि पी-पॅड दुप्पट घ्यायचे आणि पेट्रोल अर्ध्यावर येऊ द्यायचं नाही, एसी चालू राहिला पाहिजे.

पोचल्यावर

घरच्यांना आधी फोन करून विचारलेलं असू दे, देवघरात चालेल का, ओटीवर बांधायचा की आत, सोवळ्यात कोण आहे. काकूच्या घरात तिचे नियम पाळायचे, म्हणजे पुढच्या वर्षीही आनंदाने या म्हणते.

मांजराला एकच खोली द्या, दार बंद, आत कॅरियर उघडा ठेवून, लिटर, पाणी, खाणं. घरचं थोडं वापरलेलं लिटर नव्या ट्रेमध्ये मिसळा, ओळखीचा वास लागतो. कौलारू घर असेल तर खोली निवडताना वर बघा, भिंत आणि कौलं ह्यांच्या मधे फट असते, मांजर कपाटावरून वाशावर, वाशावरून माळ्यावर आणि तिथून थेट बाहेर जाऊ शकतं, त्यामुळे पाटणीची म्हणजे वर फळ्यांचं छत असलेली किंवा स्लॅबची खोली मागा, नाहीतर बाथरूम. निदान दोन-तीन दिवस तिथेच, बाहेर आणायची घाई नको. पहिल्या दिवशी जेवली नाही तर चालतं, पण दोन दिवस पोटात काहीच नाही असं होऊ देऊ नका, मांजर उपाशी राहिलं की लिव्हरवर परिणाम होतो, जाड मांजरांना तर लवकर.

चुकून पळालीच तर लांब शोधत जाऊ नका, बिथरलेलं मांजर बहुतेक वेळा जवळच दडून बसतं, लाकडांच्या राशीत, पडवीखाली, गोठ्यात. रात्री सगळं शांत झालं की टॉर्च मारून डोळे चमकतात का बघा, तिचा कॅरियर आणि वासाचं मासळीचं खाणं बाहेर ठेवा.

कुत्रा गावात लीशवरच. एकतर शेजाऱ्यांच्या कोंबड्या, दुसरं म्हणजे कठडा नसलेल्या विहिरी, आणि पातेऱ्यात म्हणजे वाळक्या पाल्यात फुरसं, घोणस असतात. साप चावला तर चिरा द्यायचा नाही, दोरी आवळून बांधायची नाही, कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून गाडीत आणि सरळ डॉक्टरकडे. रात्री कुत्रा घराच्या आत, ओटीवर बांधलेला कुत्रा बिबट्या उचलून नेतो, गावातल्या कोणालाही विचारा.

आरतीला झांजा, ढोलकी, फटाके सुरू व्हायच्या आधी दोघांना मागच्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा फुल्ल, कोणीतरी एक जण त्यांच्याबरोबर. प्रसादावर नजर ठेवा, मनुका आणि द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला घातक, चॉकलेट आणि कांदाही नको, आणि माशाचे काटे पाहुणे प्रेमाने देतात, ते हसून पण ठाम नाही म्हणा.

परत आल्यावर

घरी आलात की कुत्र्याला दारातच तपासा. कानाच्या आत, बोटांच्या मधे, कॉलरखाली, काखेत, शेपटीच्या बुडाशी बोटं फिरवून बघा, गोचीड मुगाएवढी कडक लागते. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढा, पिळू नका, रॉकेल लावू नका, हाताने चिरडू नका. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, जेवण सोडणं, हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त, चहासारखी गडद लघवी ह्यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी व्हेटकडे जा आणि कोकणात जाऊन आलोय हे पहिल्या वाक्यात सांगा, म्हणजे टिक फीवर (गोचिडांमुळे येणारा ताप) आणि लेप्टोच्या रक्ताच्या टेस्ट ते लगेच करतील.